दोन हजार अँपिअरची लोकल

ठाण्याहून कल्याणकडे निघालेली बारा डब्यांची लोकल वेग घेत असताना वरच्या तारेतून साधारण ३० लाख वॅट शक्ती खेचते, असं धरू. गाडीची बनावट, वेग, गर्दी यांप्रमाणे हा आकडा वरखाली होतो, पण तो वास्तवाच्या जवळ आहे आणि गणिताला सोपा आहे. २,००० वॅटचे दीड हजार गीझर एकदम चालू केले तर जेवढी वीज लागेल, तेवढी ही वीज. आणि ती गाडीत शिरते कुठून? बोटाएवढ्या जाडीच्या तारेला खालून घासत जाणाऱ्या पेंटोग्राफच्या पट्टीतून! तार आणि पट्टी यांना जोडणारा स्क्रू नाही, सॉकेट नाही. आहे तो फक्त स्पर्श, तोही धावता.

आता याहून मोठं नवल. २०१४ च्या आधी याच रुळांवर एवढ्याच शक्तीची गाडी चालवायला तारेतून २,००० अँपिअर प्रवाह ओढावा लागे. आज १२० पुरतात. कळवा, मुंब्रा, दिवा ही स्टेशनं तीच, रूळ तेच, गर्दी तर वाढलेलीच. मग उरलेले १,८८० अँपिअर गेले कुठे?

याचं उत्तर शाळेच्या पुस्तकातल्या दोन सूत्रांत आहे. एकात भागाकार, दुसऱ्यात गुणाकार. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, ओहममध्ये. व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती मिळते, वॅटमध्ये. परीक्षेपुरती पाठ करून आपण ती सोडून देतो. पण ती हातात धरून ठाणे ते कल्याण प्रवास केला, तर खिडकीबाहेरचा प्रत्येक खांब काहीतरी सांगू लागतो.

आधी या संख्यांची ओळख. संध्याकाळी सात वाजता डोंबिवली स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर आणा. मिनिटाला किती माणसं जिना उतरली, तो झाला प्रवाह. मागून येणारा रेटा म्हणजे विद्युतदाब. जिना किती अरुंद, तो रोध. रेटा वाढला की माणसं भराभर उतरतात, जिना अरुंद असला की तुंबतात. ओहमचा नियम एवढंच सांगतो, फक्त तो आकड्यांत आणि काटेकोरपणे सांगतो.

शक्तीचा गुणाकार कुठून आला? १ अँपिअर म्हणजे दर सेकंदाला १ कूलोम विद्युतभार. १ कूलोम भरायला इलेक्ट्रॉन किती लागतात? ६२ च्या पुढे १७ शून्यं लावा, सुमारे तेवढे! आणि घरातले २३० व्होल्ट म्हणजे यातला प्रत्येक कूलोम २३० ज्यूल ऊर्जा देऊन जातो. सेकंदाला किती कूलोम आले आणि प्रत्येकाने किती ज्यूल दिले, यांचा गुणाकार केला की सेकंदाला मिळालेले ज्यूल हाती येतात. तेच वॅट. सूत्राच्या आत दडलेलं रहस्य इतकं सरळ आहे.

हे घरात करून बघू. २,००० वॅटचा गीझर, २३० व्होल्टचा दाब. २,००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. आता २३० भागिले ८.७ केलं की गीझरच्या कॉइलचा रोध मिळतो, सुमारे २६ ओहम. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बला हेच गणित लावलं की रोध येतो ५२९ ओहम. जरा थांबून या दोन आकड्यांकडे बघा. जास्त तापणाऱ्या गीझरचा रोध कमी आहे आणि मंद बल्बचा जास्त! ‘रोध म्हणजे उष्णता’ असं मनात ठेवून बसलेल्याला हे उलटं वाटतं. पण दाब ठरलेला असतो तेव्हा कमी रोधातून प्रवाह बेसुमार वाहतो आणि शक्ती त्याच्या मागोमाग वाढते.

त्या पिवळ्या बल्बची आणखी एक गंमत आहे. तो होल्डरमधून काढा आणि थंड असताना मल्टिमीटरने रोध मोजा. ५२९ कुठेच दिसत नाही, काटा चाळीसच्या आसपास थांबतो. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार पांढरीशुभ्र तापली की तिचा रोध बारा-तेरा पटींनी वाढतो, आणि आपलं ५२९ हे उत्तर त्या तापलेल्या तारेचं आहे. म्हणजे बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी बल्बमधून अर्धा अँपिअरही नाही, पाच-सहा अँपिअर धावतात. जुने बल्ब बहुतेकदा बटण दाबताक्षणीच का जात, ते आता कळलं?

आणि तुम्ही स्वतः किती ओहमचे आहात? कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. पण पावसाळ्यात, ओल्या हातांनी, ओल्या जमिनीवर उभं राहिलं की तो १,००० च्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर, २३० मिलिअँपिअर. हृदयाचा ताल बिघडवायला याच्या काही अंशाएवढा प्रवाहही पुरतो. म्हणूनच वायरमन बसवतो ती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडते. डोंबिवलीच्या प्रत्येक घरात ती असावी असं मला मनापासून वाटतं. हा एक भागाकार माणसाचा जीव वाचवतो.

हा भागाकार शोधला एका शाळामास्तराने. गेओर्ग ओहम हा एर्लांगेनच्या कुलूपवाल्याचा मुलगा, कोलोनच्या शाळेत शिकवायचा. सेकंदाला किती विद्युतभार वाहिला, हे मोजायचं यंत्र त्या काळी दुकानात मिळत नव्हतं. त्याने टांगलेल्या चुंबकीय सुईचा वापर केला. तारेतून प्रवाह गेला की सुई वळते, आणि तिला मूळ जागी आणायला वरचा दोरा किती पिळावा लागला ते मोजायचं. पहिली अडचण आली बॅटरीची. तेव्हाच्या बॅटऱ्यांचा दाब वापरता वापरता घसरे. मग त्याने दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाने दाब तयार करणारी बिस्मथ आणि तांबं यांची जोडी घेतली, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. पाणी उकळण्याचं आणि बर्फ वितळण्याचं तापमान हलत नाही, म्हणून दाबही हलत नाही! सारख्या जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकेक करून जोडल्या, आणि त्यातून हा भागाकार हाती आला. १८२७ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. जर्मनीत त्याचं स्वागत थंड झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉपली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

ओहम गेला ६ जुलै १८५४ रोजी, म्युनिकमध्ये. त्याच्या दोनच महिने आधी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याची खाडी ओलांडून आगगाडी कल्याणला पोचली होती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी त्याच्या आदल्या वर्षीची, १६ एप्रिल १८५३ ची. तिकडे तो मास्तर डोळे मिटत होता आणि इकडे कोळशाच्या धुरात रूळ पुढे सरकत होते. याच रुळांवरचा प्रत्येक खांब, प्रत्येक तार पुढे आपल्या भागाकारावर बेतली जाईल, याची त्याला कल्पनाही नसेल.

ते घडायला सत्तर वर्षं लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावर धावली. पाच-सहा वर्षांत तारा कल्याण ओलांडून, दोन्ही घाट चढून, पुणे आणि इगतपुरीपर्यंत पोचल्या. या गाड्यांना वीज पुरवायला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचं वीजघर उभारलं, ते १९२९ चं चोळा पॉवर हाऊस. ऐंशीच्या दशकात बंद पडेपर्यंत तिथे कोळसा जळत होता आणि त्यावर लोकल पळत होत्या.

तारेतला दाब होता १,५०० व्होल्ट, एकदिश प्रवाहाचा. आता या जुन्या गाडीला स्टेशनातून हलवून बघू. इथे आपली सूत्रं खरोखर थक्क करतात. एका मोटर कोचमध्ये, म्हणजे मोटारी असलेल्या डब्यात, चार मोटारी एकापुढे एक जोडलेल्या, चारही मिळून रोध समजा अर्धा ओहम. मोटार थांबलेली असताना ती म्हणजे नुसतं तांब्याचं वेटोळं. थेट १,५०० व्होल्ट लावले तर १,५०० भागिले अर्धा, म्हणजे ३,००० अँपिअर! मोटारी जळून जातील. आपल्याला हवेत ३००. म्हणजे एकूण रोध ५ ओहम हवा, म्हणून डब्याखाली साडेचार ओहमच्या लोखंडी जाळ्या जोडायच्या. मोटारी फिरू लागल्या की त्या स्वतःच उलटा दाब तयार करतात आणि प्रवाह आपोआप उतरतो. मग जाळ्या एकेक करून बाजूला काढायच्या. जुन्या लोकल सुटताना टप्प्याटप्प्याने जे हिसके बसत, ते हेच. एकेक रोध वगळला जात होता.

आता गाडी हलायच्या क्षणाची शक्ती मोजा. १,५०० गुणिले ३०० म्हणजे साडेचार लाख वॅट. यातले किती गाडी पुढे न्यायला गेले? गाडी अजून जागेवरच आहे, म्हणजे शून्य! सगळी उष्णता. ३०० गुणिले ३०० गुणिले साडेचार करा: ४ लाख ५ हजार वॅट एकट्या जाळ्यांत. म्हणजे एका मोटर कोचच्या पोटाखाली २०० गीझर. प्रत्येक स्टेशनावर, प्रत्येक गाडीच्या प्रत्येक मोटर कोचखाली हे घडायचं, आणि हे नव्वद वर्षं चाललं.

तुमच्या लक्षात आलं असेल, आत्ता मी शक्ती वेगळ्या रीतीने काढली. व्होल्ट गुणिले अँपिअर या सूत्रात व्होल्टच्या जागी ‘अँपिअर गुणिले ओहम’ ठेवलं की उरतं अँपिअर गुणिले अँपिअर गुणिले ओहम. प्रवाहाचा वर्ग! इंग्लंडातल्या सॅल्फर्डच्या एका बिअर बनवणाऱ्या घराण्यातला जेम्स ज्यूल १८४० मध्ये हे मोजत होता, तेव्हा तो जेमतेम २१ वर्षांचा होता. पाण्यात तारेचं वेटोळं बुडवायचं आणि थर्मामीटर वाचायचा. प्रवाह दुप्पट केला की पाणी दुप्पट तापायला हवं, असं कुणालाही वाटेल. ते चौपट तापलं. तिप्पट केला की नऊपट.

ठाणे-कल्याणच्या तारेची सगळी कहाणी या वर्गात आहे. ३० लाख वॅटची गाडी १,५०० व्होल्टवर चालवायची तर ३० लाख भागिले १,५००, म्हणजे २,००० अँपिअर. सबस्टेशनपासून गाडीपर्यंतची तार आणि परतीचे रूळ यांचा मिळून रोध समजा फक्त ०.०५ ओहम, एका ओहमचा विसावा भाग. २,००० चा वर्ग ४० लाख, गुणिले ०.०५. २ लाख वॅट! ही सगळी शक्ती वाटेतच तार तापवण्यात जाते. वर दाबही घसरतो: २,००० गुणिले ०.०५, म्हणजे १०० व्होल्ट. सबस्टेशन जेवढं दूर तेवढा रोध मोठा आणि दाब तेवढा खाली. गर्दीच्या वेळी एकाच टापूत तीन-चार गाड्यांनी एकदम वेग घेतला तर? म्हणून जुन्या व्यवस्थेत दर काही किलोमीटरवर सबस्टेशन हवं होतं आणि डोक्यावर जाडजूड तांबं हवं होतं.

आता दाब २५,००० व्होल्ट करा. ३० लाख भागिले २५,००० म्हणजे १२० अँपिअर. १२० चा वर्ग १४,४००, गुणिले ०.०५, म्हणजे ७२० वॅट.

दोन लाखांवरून सातशे वीस! स्वयंपाकघरातल्या एका मिक्सरएवढं नुकसान, हजारो माणसं वाहून नेणाऱ्या गाडीच्या तारेत. दाब सुमारे १७ पट वाढला, प्रवाह १७ पट उतरला, आणि नुकसान १७ पट नाही, जवळजवळ २७८ पट उतरलं. (प्रत्यक्षात बदलत्या दिशेच्या प्रवाहात आणखी काही बारीक परिणाम मिसळतात, पण चित्र बदलत नाही.) म्हणूनच आजची सबस्टेशनं एकमेकांपासून कितीतरी लांब असली तरी चालतात. खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली, तीही याच कारणाने प्रचंड दाबावर. वर्ग तिथेही तोच.

मग १९२५ मध्येच २५,००० का नाही घेतले? कारण त्या दाबावर थेट चालणारी मोटार बनवता येत नाही. दाब उतरवायला ट्रान्सफॉर्मर हवा, आणि ट्रान्सफॉर्मर चालतो फक्त दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहावर. तेव्हाची रेल्वेची भरवशाची मोटार मात्र एकदिश प्रवाहावर चालणारी. दोहोंची गाठ धावत्या गाडीतच घालून देणारी साधनं पुढे विकसित झाली, आणि १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्टची पद्धत स्वीकारली. पण मुंबईची उपनगरी रेल्वे तोवर १,५०० व्होल्टवर इतकी विणली गेली होती, की तिला हात लावायला नवं शतक उजाडावं लागलं. पश्चिम मार्गावरचा बदल २०१२ मध्ये पुरा झाला. कल्याण-ठाणे पट्ट्यात २०१४ च्या सुरुवातीला, सीएसटीपर्यंत जून २०१५ मध्ये आणि शेवटी हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये. हे सारं रोज त्याच रुळांवरून लाखो प्रवाशांची ने-आण होत असताना! मधली वर्षं निभावली दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्यांनी. मुंबईत याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही, असं मला वाटतं.

दाब वाढवण्याची किंमतही मोजावी लागली. २५,००० व्होल्टची वीज हवेतूनच झेपावू शकते, म्हणून चिनी मातीचे इन्सुलेटर मोठे करावे लागले आणि तारेभोवती जास्त मोकळी जागा ठेवावी लागली. जुन्या बुटक्या पुलांखाली ती जागा नव्हती. तारेच्या दोन मीटरच्या आत येऊ नका ही सूचना त्याचसाठी. टपावर चढलेल्याला तारेला हात लावायचीही गरज पडत नाही.

आता मला सर्वांत आवडणारं गणित. जुन्या काळी ते २,००० अँपिअर तारेतून किती वेगाने जात असतील? बटण दाबताच पंखा फिरतो म्हणजे इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाने पळतात, असा आपला समज. मोजून बघू. तांब्याचा एकूण छेद ५०० चौरस मिलिमीटर धरला तर इलेक्ट्रॉन सरकतात सेकंदाला सुमारे ०.३ मिलिमीटर. तासाला एक मीटर! ठाण्याहून कल्याण वीसएक किलोमीटर. त्या तारेत ठाण्याला निघालेल्या इलेक्ट्रॉनला कल्याण गाठायला दोन वर्षांहून जास्त लागली असती. वेगाने पोचतो तो धक्का, इलेक्ट्रॉन नव्हे. तार आधीच इलेक्ट्रॉनांनी भरलेली आहे, आणि एका टोकाला रेटा बसला की दुसऱ्या टोकाला हालचाल जवळजवळ त्याच क्षणी सुरू होते. आणि आजच्या तारेत? प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते. त्यामुळे इलेक्ट्रॉन कुठेच जात नाहीत. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी अंतरात ते पुढे-मागे थरथरतात, आणि त्या थरथरण्यावर कळव्याहून मुंब्र्याला गाडी जाते.

एक गणित राहिलं, उणे चिन्हाचं. ७०० टनांची भरलेली गाडी ताशी ७२ किलोमीटरने येतेय. तिच्या गतीत साठलेली ऊर्जा १४ कोटी ज्यूल, म्हणजे वीजबिलातली सुमारे ३९ युनिट. जुन्या गाडीत ब्रेक लावला की ही सगळी चाकांवर घासून उष्णता होऊन जाई. ठाणे ते कल्याण स्लो गाडीला कळव्यापासून कल्याणपर्यंत सात थांबे, म्हणजे एका फेरीला २७० हून जास्त युनिट. नव्या गाड्यांत ब्रेक लागला की मोटार जनित्र बनते. फिरणारी चाकं तिला फिरवतात, प्रवाह उलटा होतो आणि पेंटोग्राफमधून वर तारेत चढतो. २५,००० व्होल्ट गुणिले उणे ८० अँपिअर, बरोबर उणे २० लाख वॅट. सगळी ३९ युनिट परत मिळत नाहीत, पण मोठा वाटा मिळतो. डोंबिवलीला थांबत असलेली गाडी तेवढ्या वेळापुरती वीजघर होते, आणि त्याच वेळी त्याच टापूत, कोपरहून म्हणा, दुसरी गाडी सुटत असेल तर ती त्या विजेवर वेग घेते.